गुरुजींचा टॉवेल दोन नंबरच्या ट्रामनं गेला

आष्टीचे तातेराव वाव्हळ गुरुजी म्हणजे बोलका माणूस. बाजाराच्या दिवशी मीठ आणायला घराबाहेर पडले, की भेटेल त्याला पाऊसपाणी, म्हशीची तब्येत, पोराचं गणित, सासुरवाडीची खुशाली असं सगळं विचारत जायचे आणि मीठ विसरून परत यायचे. कुणाला काही विचारायची त्यांना लाज म्हणून नव्हती. फक्त एक गोष्ट हा माणूस जन्मात कुणाला विचारत नसे, ती म्हणजे वाट.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मग टेंभुर्णीच्या लग्नाचं ऐका. गुरुजींच्या मंडळींचं, म्हणजे बेबीनंदाबाईंचं, माहेरचं कुणीतरी तिथं दिलेलं होतं आणि त्यांच्या पोरीचं लग्न होतं. एसटीतून उतरून नवराबायको पायी निघाले. पुढं दोन वाटा फुटत होत्या आणि बरोबर तिथंच लिंबाखाली माणसं बिड्या ओढत बसली होती. बाई म्हणाल्या, विचारा की. गुरुजी म्हणाले, जन्मभर पोरांना भूगोल शिकवला, मला दिशा कळत न्हाई का? त्यांनी सूर्याकडं बघितलं आणि एक वाट धरली. मांडव लागला, वर पंचशीलाचा झेंडाही होता. दोघं पंगतीला बसले, गुरुजींनी बुंदी दोनदा घेतली. आहेर करायला गेल्यावर कळलं, की नवरी भलतीच आणि गावही भलतंच. नशीब, मांडव आपल्याच लोकांचा होता म्हणून निभावलं.

गाव ह्यावर पोट धरून हसायचं. मिजास हाये मास्तरची, दुसरं काय, असं जो तो म्हणायचा. संपत शिंप्याचं तर म्हणणं असं, की उद्या मेल्यावर गुरुजी चित्रगुप्ताला बी वाट विचारणार न्हाईत, आपल्या मनानं जातील आन नरकात जाऊन बसतील. गुरुजी स्वतःही हसायचे. हसण्यावारी नेलं, की माणसं खोलात शिरत नाहीत, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

त्यांची दुसरी खोड मात्र सगळ्या जिल्ह्याची होती. टॉवेल. तालुक्याला, परतूरच्या स्टँडवर एसटी वळण घेते न घेते तोच गुरुजींचा चौकडीचा टॉवेल खिडकीतून आत जाऊन बाकावर पडलेला असायचा. मग दाराशी कितीही रेटारेटी होऊ दे, गुरुजी सावकाश चढायचे. टॉवेल पडला म्हणजे जागा धरली. तिथं मग पाटील येऊ दे नाहीतर फौजदार, टॉवेल उचलायची कुणाची छाती नाही. गुरुजी म्हणायचे, आपल्या मुलखात सगळ्यांना सारखा लागू असलेला कायदा हा एकच.

तर असा हा माणूस हॉलंडला गेला. गेला म्हणजे काय, नेला. त्यांचा थोरला वसंता पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, जायकवाडीच्या कालव्यावर होता. पंचाहत्तर साली त्याला वर्षभराच्या शिक्षणासाठी हॉलंडमध्ये डेल्फ्ट नावाच्या गावी पाठवलं. तिथून त्यानं मायबापाला तिकिटं धाडली. आष्टीत नुसता बोभाटा झाला. गुरुजींनी आयुष्यभर पोरांना फळ्यावर तो देश काढून दाखवला होता, समुद्रापेक्षा खोल जमीन, भिंती घालून पाणी अडवलेलं वगैरे. आता तो देश खरंच तिथं आहे का, हे तपासायला ते निघाले होते.

बेबीनंदाबाईंचा जीव मात्र एका गोष्टीत अडकला होता. जायचं ठरलं वैशाखात. वैशाखी पौर्णिमेला आष्टीतल्या आपल्या वस्तीवर समाजमंदिरात बायका पांढरी लुगडी नेसून जमायच्या आणि बुद्धवंदना सांगायच्या बेबीनंदाबाई. धम्म घेतला त्या सालापासून त्यांची ती पौर्णिमा एकदाही चुकली नव्हती. ओली बाळंतीण होत्या तेव्हासुद्धा पोर सासूच्या मांडीवर टाकून त्या आल्या होत्या. समाजमंदिर म्हणजे पत्र्याची खोली, मूर्ती प्लास्टरची, तिच्या एका कानाचा टवका उडालेला. पण बाईंचा आवाज लागला, की खोली भरून जायची.

शेजारच्या मालनबाईंनी पाण्यावर सगळ्यांसमोर विषय काढला, की तिकडं गोऱ्यांच्या मुलखात बुद्ध कुठला आलाय, ह्या साली बेबीनंदाची पौर्णिमा बुडली समजा. बेबीनंदाबाईंचा चेहरा उतरला. नेमके तिथून गुरुजी चालले होते. बायकोचा चेहरा बघून ते थांबले आणि म्हणाले, बिलकुल बुडणार न्हाई, तिथं म्युझियम असतात, आन जगातल्या कोणत्याबी मोठ्या म्युझियममधी बुद्ध असतोच. पौर्णिमेला हिला मी बुद्धापुढं उभी करतो, माझा शब्द हाये. झालं. शब्द सगळ्या बायकांनी ऐकला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळला.

हॉलंडात पोचल्यावर गुरुजींनी पहिल्याच दिवशी रेल्वेच्या डब्यात टॉवेल टाकला. वसंता कपाळाला हात लावून उभा. अहो दादा, डबा सगळा रिकामा हाये. गुरुजी म्हणाले, आता रिकामा हाये, माणसं यायला काय उशीर? गाडी ॲमस्टरडॅमला पोचेपर्यंत डब्यात दुसरं कुणी चढलं नाही. त्यामुळे त्यांच्या टॉवेलची इज्जत त्यांच्या लेखी आणखीच वाढली.

ॲमस्टरडॅमला तीन दिवस राहायचं होतं. पहिले दोन दिवस वसंतानं दोघांना फिरवलं. जहाजांचं म्युझियम झालं, चित्रांचं झालं. चित्रांपुढं गुरुजी वह्या तपासल्यासारखे उभे राहायचे आणि दहापैकी मार्क द्यायचे. कुणालाही सातच्या वर दिले नाहीत, पोरं शेफारतात म्हणून. बाई रमल्या त्या स्वयंपाकघराच्या चित्रांपुढं. एका चित्रात तांब्याची भांडी अशी लख्ख होती, की त्या घरच्या बाईनं चिंच लावून घासली असणार, ह्याबद्दल त्यांना संशयच उरला नाही. पण चित्रातले मेलेले मासे आणि उलटी टांगलेली बदकं बघून त्या म्हणाल्या, चांगल्या दिवाणखान्यात हे कशाला टांगायचं? दमल्यावर बसायला दालनाच्या मधोमध एक बाक होतं. गुरुजींनी त्यावर टॉवेल टाकून ठेवला आणि सगळं दालन हिंडून आले, तरी बाकाला कुणी शिवलं नव्हतं. बघ, म्हणाले, इथंबी कायदा चालतो.

ट्रामचं गणित मात्र त्यांना पटेना. ट्राममध्ये कंडक्टरच नाही. दाराजवळ एक पेटी, तिच्यात आपलं तिकीट आपणच घालायचं, ती टण्ण करते आणि शिक्का मारते. गुरुजींनी विचारलं, आणि एखाद्यानं घातलंच न्हाई तर? वसंता म्हणाला, बहुतेक लोक घालतात. ह्या उत्तरानं गुरुजी इतके अस्वस्थ झाले, की त्यांनी आपल्या तिकिटाला दोनदा शिक्का मारून घेतला.

तिसरा दिवस पौर्णिमेचा. नेमकी त्याच दिवशी वसंताची डेल्फ्टला तोंडी परीक्षा निघाली. संध्याकाळी परत येतो म्हणाला. बुद्ध कुठं आहे ते त्यानं आधीच शोधून ठेवलं होतं. एका मोठ्या म्युझियमात खालच्या मजल्यावर जावा बेटावरून आणलेला दगडी बुद्ध होता. त्यानं बापाला नीट समजावून सांगितलं: स्टेशनसमोरून दोन नंबरची ट्राम, म्युझियमच्या थांब्यावर उतरायचं, पाचला बंद होतं. कागदावर लिहून देऊ लागला तर गुरुजींनी कागद घेतला नाही. म्हणाले, चिठ्ठी गळ्यात बांधून फिरायला मी काय जत्रेत हरवलेलं लेकरू हाये का? बरं, अडलं तर कुणालाबी विचारा, वसंता म्हणाला. त्यावर गुरुजी नुसतं हं म्हणाले. बेबीनंदाबाईंनी त्या हुंकाराकडं बघितलं आणि मनात म्हणाल्या, झालं आता.

दुपारी जेवण करून दोघं निघाले. बाईंनी ठेवणीतली पांढरी साडी नेसली, वर पोराचं लोकरी जाकीट घातलं. कालव्याच्या काठी फुलांचा बाजार होता, तिथून पांढरी फुलं घेतली. पिशवीत फुलं, मेणबत्ती, काडेपेटी. कालव्यांच्या कडेनं जरा फिरून दोघं स्टेशनपुढं आले तर समोर दोन नंबर उभीच. माणसांची बऱ्यापैकी गर्दी होती. गर्दी बघताच गुरुजींचा परतूरचा हात आपोआप उठला. ट्रामच्या खिडकीची वरची झडप उघडी होती. टॉवेल बरोबर आत गेला आणि एका रिकाम्या जागेवर जाऊन पडला. एवढा नेम गुरुजींचा परतुरातही कधी लागला नव्हता.

मग ते सावकाश दारापाशी गेले. तोवर माणसं चढून दार मिटलं होतं. गुरुजी उभे राहिले. जागा धरलेली आहे, तर घाई कशाला? ड्रायव्हर आतून उघडेल, मग चढू. त्या देशात दाराजवळचं बटण आपणच दाबायचं असतं, हे दोन दिवस वसंता दाबत होता म्हणून ह्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ट्रामनं घंटी वाजवली आणि निघाली. आतल्या एका बाईनं टॉवेल उचलून खिडकीशी धरला, बाहेर बघितलं, पण तोवर ट्राम वळणावर गेली होती. टॉवेल बसून गेला आणि गुरुजी उभे राहिले.

बेबीनंदाबाईंना हसू आवरेना. गुरुजींना मात्र ही चेष्टा वाटली नाही. चौकडीचा टॉवेल होता, परतूरच्या बाजारातला. त्याच्या मागं जायलाच पाहिजे. तेवढ्यात मागून दुसरी ट्राम आली, एक नंबरची. गुरुजींनी ह्या वेळी लोक काय करतात ते बघून बटण दाबलं आणि बाईंना वर चढवलं. बाई म्हणाल्या, अहो, ती दोन नंबरची होती, ही एक हाये. गुरुजी म्हणाले, रूळ तर तेच हायेत ना? त्याच्या मागंच चाललीय ही. जाईल कुठं?

आता ह्यात गुरुजींचं काय चुकलं, सांगा. परतूरला रेल्वेचा रूळ एकच. ह्या तोंडाची कुठलीही गाडी धरा, ती परभणीला जाते. त्या तोंडाची धरा, ती जालन्याला जाते. गाडीचं नाव विचारायची परतुरात कधी कुणाला गरज पडलेली नाही. ॲमस्टरडॅमचा रूळही बराच वेळ तसाच इमानी वागला. मग एक मोठा चौक आला. तिथं पुढं गेलेली दोन नंबर अडकून उभी होती. बेबीनंदाबाईंनी बघितलं, दोन नंबर डावीकडं वळली आणि ह्यांची ट्राम सरळ सुटली. तुमचा टॉवेल तिकडं चालला, त्या म्हणाल्या. गुरुजी म्हणाले, पुढं मिळतील रूळ एकमेकाला.

रूळ काही मिळाले नाहीत. जुनी उंच घरं संपली, नवी चौकोनी घरं सुरू झाली, मग एक भलंमोठं तळं आलं आणि ट्राम थांबली ती थांबलीच. शेवटचा थांबा. सगळे उतरून गेले. दोघं उतरले. आसपास म्युझियमसारखं काही दिसेना. बदकं होती, सायकली होत्या, दोऱ्यांवर कपडे वाळत होते. गुरुजींनी सूर्य शोधला, तर आभाळ भरलेलं. तरी ते एका दिशेनं चालू लागले. मग दुसऱ्या दिशेनं. माणसं शेजारून जात होती, एकदोघं तर ह्यांच्याकडं बघून हसलीसुद्धा. बाई प्रत्येक वेळी नवऱ्याकडं बघायच्या. गुरुजी घसा साफ करायचे, त्या माणसाकडं दोन पावलं टाकायचे आणि मग एकदम एखादी इमारत बघितल्यासारखं करायचे. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. घरातून आणलेली ऐट एव्हाना सगळी गळून गेली होती. चार वाजत आले होते.

फिरून फिरून दोघं पुन्हा त्याच थांब्यावर आले. बेबीनंदाबाई तिथल्या बाकावर बसल्या. चपलेनं अंगठा सोलला होता. पिशवीतली फुलं त्यांनी वर काढून बघितली, दोनतीन माना टाकायला लागली होती. एरवी ह्या बाईनं नवऱ्याला फाडून खाल्लं असतं. टेंभुर्णीहून परत येताना पुऱ्या वाटेनं त्यांनी तेच केलं होतं. आता त्यांनी फुलं परत पिशवीत ठेवली आणि अगदी हळू म्हणाल्या, "असू द्या. पौर्णिमा पुढच्या साली बी येतीच की."

हे गुरुजींनी ऐकलं. भांडली असती तर त्यांना चाललं असतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बाई बसली होती, मांडीवर भाजीची टोपली. गुरुजी तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. मॅट्रिकचं सगळं इंग्रजी त्यांनी गोळा केलं आणि विचारलं, की म्युझियमला कसं जायचं.

म्हातारीनं वर बघितलं. पलीकडं बोट केलं. हीच एक नंबर, पण समोरच्या बाजूनं परत जाणारी घ्या. मोठ्या चौकात उतरा. तिथून म्युझियम पायी जवळच आहे, सरळ मधल्या रस्त्यानं जा. एवढं सांगून झाल्यावर ती हसली आणि पुन्हा आपल्या भाजीच्या पाल्यातून माती काढू लागली.

गुरुजी जागचे हलले नाहीत. शाळेत एखाद्या पोरानं उत्तर दिलं, की पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभं राहावं, तसे ते उभे होते. समोरून एक नंबर येताना दिसली तशी बेबीनंदाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "चला की. आता कशाला थांबले?"

"तिनं विचारलं न्हाई," गुरुजी म्हणाले.

"काय विचारलं न्हाई?"

"कोणाचे तुम्ही म्हणून."

ट्राममध्ये बसल्यावर त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात बेबीनंदाबाई ते पहिल्यांदाच ऐकत होत्या, तेही परमुलखात, ट्रामच्या खडखडाटात. गुरुजी लहान होते तेव्हाची गोष्ट. वडील कडूबा त्यांना घेऊन आत्याच्या गावाला निघाले होते. उन्हाळा, पायात काही नाही. गावाच्या तोंडाशी विहिरीवर एक माणूस मोट हाकत होता. वडिलांनी लांबूनच वाट विचारली. त्या माणसानं हात वर केला, गावातून सरळ जाणाऱ्या रस्त्याकडं, आणि मग विचारलं, कोणाचे रे तुम्ही? वडिलांनी सांगितलं. तसा तो वर केलेला हात फिरला. मंग हिकडून जा, तो म्हणाला, बाहेरून, नदीकडून. समोर आत्याच्या घरचा धूर दिसत होता, आणि तापलेल्या वाळूतून सगळ्या गावाला वळसा घालून बापलेक तिथं पोचले. त्यानंतर वडिलांनी कुणाला वाट विचारली नाही, आणि पोरानंही नाही. पुढं धम्म घेतला, मास्तर झाले, लोक गुरुजी म्हणून हाका मारू लागले. पण अनोळखी गावात वाट विचारायची म्हटलं, की तो फिरलेला हात डोळ्यांपुढं यायचाच.

बेबीनंदाबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग रागावून म्हणाल्या, मला एकदा बी बोलले न्हाई, मी आपली जन्मभर मिजास मिजास म्हणून बोल लावत गेले. गुरुजी म्हणाले, मिजास म्हणलेलं बरं वाटायचं. ह्यावर बाईंनी आपला सोललेला अंगठा दाखवला.

म्युझियम बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. दारावरचा माणूस घड्याळाकडं बोट दाखवू लागला. गुरुजींनी त्याला विचारलं, बुद्ध कुठं? जिन्याशी एका पोरीला विचारलं, बुद्ध कुठं? दोघांनी सरळ खाली बोट दाखवलं. खालच्या मजल्यावर शेवटच्या दालनात, बारीक उजेडात तो बसला होता. काळसर दगडाचा, डोळे मिटलेले. बेबीनंदाबाई दाराशीच थबकल्या. मग म्हणाल्या, अहो, ह्याच्याबी कानाचा टवका उडालाय.

त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. गुरुजींनी बूट काढले. बाईंनी त्यातल्या त्यात ताजी फुलं निवडून चौथऱ्याच्या पायाशी ठेवली आणि मेणबत्ती काढली. काडेपेटी दिसताच रखवालदार कोपऱ्यातून धावतच आला. हात हलवून नाही नाही म्हणू लागला. बाईंनी निमूट काडेपेटी पिशवीत टाकली आणि न पेटवलेलीच मेणबत्ती फुलांजवळ ठेवली. मग गार फरशीवर गुडघे टेकले, हात जोडले आणि वंदना सुरू केली. आधी हळू. मग आवाज लागला. आष्टीतली पत्र्याची खोली भरायची, तसं ते दगडी दालन भरलं. मागं उभे राहून गुरुजी साथ करत होते. रखवालदारानं किल्ल्या वाजू नयेत म्हणून मुठीत धरल्या, आधी शेजारची दालनं बंद करून आला आणि वंदना संपेपर्यंत दाराशी उभा राहिला. बाईंची पौर्णिमा झाली.

बाहेर आले तर समोरच थांबा. दोन नंबरचा मोठा आकडा लांबूनही वाचता येत होता. गुरुजींनी म्युझियमच्या दाराशी उभ्या असलेल्या पोलिसाला विचारलं, ट्रामचा थांबा कुठं? त्यानं दाखवला. चार पावलांवर सायकल धरून एक पोरगा उभा होता, त्याला विचारलं, थांबा कुठं? त्यानंही दाखवला. थांब्याच्या खांबाशी जोडपं उभं होतं, त्यांना विचारलं तेव्हा ती दोघं एकमेकांकडं बघून हसली आणि खांबाला हात लावून दाखवला. कुणीच विचारलं नाही, कोणाचे तुम्ही. बेबीनंदाबाई म्हणाल्या, "अहो, समोर तर दिसून राह्यला."

"दिसतंय गं," गुरुजी म्हणाले. "पण विचारू दे मला."

त्या संध्याकाळी वसंतानं आपल्या बापाचा जो अवतार बघितला, तो त्याला ओळखू येईना. खोलीपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना गुरुजींनी तीन जणांना वाट विचारली. दुसऱ्या दिवशी स्टेशनात गाडीत बसल्यावरसुद्धा समोरच्या माणसाला विचारलं, ही गाडी डेल्फ्टला जाती ना, आणि त्यानं हो म्हटल्यावर तृप्त होऊन मागं टेकले. वसंता आईला म्हणाला, दादाला झालं काय? बाई म्हणाल्या, काही न्हाई, टॉवेल हरवला तसं असं करून राह्यले.

महिन्याभरानं दोघं परत आली. मुंबईहून मनमाड, मनमाडहून छोट्या गाडीनं परतूर. स्टेशनातून सामान घेऊन एसटी स्टँडवर आले. आष्टीची गाडी लिंबाच्या पारापाशी लागते. गुरुजींच्या आठवणीत ती दुसरीकडं कधी लागलेलीच नाही. आताही ती तिथंच उभी होती. बेबीनंदाबाई पुढं झाल्या. तेवढ्यात गुरुजी सामान खाली ठेवून वळले. कट्ट्यावर एक फेटेवाला म्हातारा तंबाखू चोळत बसला होता, कुठल्या तरी दुसऱ्याच गावचा. गुरुजी त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "राम राम. आष्टीची गाडी कुठं लागती हो?"

म्हाताऱ्यानं वर बघितलं. पोरानं दिलेला कोट बघितला, बूट बघितले. हात वर करता करता त्यानं विचारलंच, "कोणाचे म्हणायचे तुम्ही?"

बेबीनंदाबाई जिथल्या तिथं थांबल्या.

"तातेराव कडूबा वाव्हळ," गुरुजी म्हणाले. "आष्टीचा. बौद्ध. आता सांगा, गाडी कुठं लागती?"

म्हाताऱ्याचा अर्धा उचललेला हात तसाच राहिला. गुरुजी त्या हाताकडं बघत होते. ते घाई करत नव्हते, पण हलतही नव्हते. मग म्हाताऱ्यानं हात पुरा लांब केला, लिंबाच्या पाराकडं, सरळ समोर, आणि म्हणाला, ती काय, हीच की. गुरुजींनी आभार मानले, सामान उचललं आणि तंबाखूच्या, केळ्यांच्या, माणसांच्या गर्दीतून मधूनच चालत गाडीकडं गेले.

गाडी भरत आली होती. पण बेबीनंदाबाईंनी तोवर खिडकीतून पोरानं दिलेलं ते लोकरी जाकीट आत टाकून दोघांची जागा धरली होती. त्या जाकिटाला कुणी हात लावला नव्हता. गुरुजी बसले, घाम पुसायला सवयीनं खांद्यावरचा टॉवेल शोधला, तो नव्हता. बाईंनी पदर पुढं केला. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "का हो, गाडी कुठं लागती ते तुम्हाला म्हाईत न्हवतं का?"

"म्हाईत होतं," गुरुजी म्हणाले. "विचारायचं राह्यलं होतं."